एफटी८ आल्यावर हॅम रेडिओत नेमकं काय बदललं

चार हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकत्र जमले की हल्ली एक वाद ठरलेला असतो. एकजण म्हणतो एफटी८ ने, म्हणजे कॉम्प्युटरकडून छोटे ठरावीक मेसेज पाठवणाऱ्या डिजिटल मोडने (पद्धतीने), हॉबीची वाट लावली, बँडवर आता माणसाचा आवाजच ऐकू येत नाही, कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतो आणि आपण खुर्चीत बसून बघायचं. दुसरा म्हणतो बाबा, माझ्या सोसायटीत गच्चीवर एक वायर टाकायला सेक्रेटरीचे पाय धरावे लागतात, त्या वायरवर मला एफटी८ मुळे ब्राझील लागतं, नाहीतर शेजारचा जिल्हापण लागला नसता. हा वाद दरवेळी तिथेच अडकतो, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की दोघं वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. पूर्वी रेडिओवर संपर्क होणं आणि गप्पा होणं हे एकच काम होतं, एक झालं की दुसरं आपोआप व्हायचं. डिजिटल मोड्सनी या दोन गोष्टी सुट्या केल्या. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं समजायला सोपं जातं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

ज्यांना हॅम रेडिओ म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यायचं, एक कॉलसाइन मिळतो (आपल्याकडे बहुतेकांचा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा), आणि मग ठरवून दिलेल्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, स्वतःच्या सेटवरून जगात कुणाशीही बोलायचं, मध्ये ना मोबाइल टॉवर ना इंटरनेट. शॉर्टवेव्हचे सिग्नल वर आयनोस्फीअरवरून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली वळतात, त्यामुळे हजारो किलोमीटर जातात. पारंपरिक ऑपरेटिंग म्हणजे दोन प्रकार, एक आवाजाचा म्हणजे एसएसबी आणि दुसरा मोर्सचा म्हणजे सीडब्ल्यू. दोन्हीकडे खरं हत्यार म्हणजे कान. डायल हळूहळू फिरवायचा, खरखरीत कुठेतरी कुजबुज ऐकू आली की थांबायचं, फिल्टर आवळायचा, समोरचा कोण आहे, कुणाला बोलवतोय, बँड कुठल्या दिशेला उघडलाय हे सगळं ऐकून ओळखायचं. मोठ्या स्टेशनवर शंभर लोक एकदम तुटून पडले, ज्याला पाइलअप म्हणतात, तर त्यात नेमकं कधी आणि किती सरकून आपला कॉल टाकायचा हे अंगात मुरायला वर्षं जातात. आणि एकदा लागला संपर्क की नाव, गाव, हवामान, अँटेना कुठली, किती उंचीवर, असं करत अर्धा तास कधी जातो कळत नाही. नंतर पोस्टाने क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्क झाल्याची पावती, तेही कधीकधी वर्षभराने.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, डिजिटल म्हणजे एफटी८ आणि ते २०१७ ला आलं असं नाही. टेलिप्रिंटरवालं आरटीटीवाय दुसऱ्या महायुद्धानंतर हॅम लोक वापरतच होते. १९९८ च्या सुमारास इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके३१ आणलं, कॉम्प्युटरचं साउंड कार्ड आणि रेडिओ जोडायचा आणि कीबोर्डवर टाइप करत गप्पा मारायच्या. पण बघा, तिथेही माणूसच टाइप करत होता आणि माणूसच वाचत होता. म्हणजे मोड डिजिटल, पण गप्पा शाबूत. खरा फरक पडला तो वेगळ्याच दिशेने.

जो टेलर हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ, त्यांनी रसेल हल्स यांच्याबरोबर १९७४ मध्ये दोन ताऱ्यांच्या जोडीतला पहिला पल्सर शोधला आणि त्यासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल दोघांना मिळालं. पल्सर शोधणं म्हणजे काय, तर भयानक गोंगाटात बुडालेला एक ठरावीक तालाचा क्षीण सिग्नल गणिताने वर काढणं. हे टेलर लहानपणापासूनचे हॅम. त्यांनी तेच डोकं आपल्या हॉबीत लावलं आणि २००१ मध्ये डब्ल्यूएसजेटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. सुरुवातीचा हेतू अगदी मर्यादित होता, उल्कांच्या शेपटीवरून परत येणारे सिग्नल पकडायचे, चंद्रावर आपटून येणारे सिग्नल पकडायचे. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्याही पुढे, जाऊन यायला अडीच सेकंद, आणि परत येतं ते जवळजवळ काहीच नाही. त्यासाठी जेटी६५ हा मोड बनला, त्यात एक मेसेज जायला जवळपास अख्खा मिनिट आणि पूर्ण संपर्काला पाच सहा मिनिटं. चंद्रासाठी ते ठीक, पण शॉर्टवेव्हवर बँड बदलतो तेवढ्यात. म्हणून टेलर आणि स्टीव्ह फ्रँक या दोघांनी २०१७ च्या उन्हाळ्यात पंधरा सेकंदांचा मोड आणला, फ्रँक आणि टेलर म्हणून एफटी आणि आठ सूर वापरतो म्हणून ८. काही महिन्यांतच त्याने बाकीच्या मोड्सना इतकं मागे टाकलं की कुणाचा विश्वास बसेना.

हे चालतं कसं ते जरा जवळून बघू, कारण यातली मजा तपशिलातच आहे. घड्याळाचे पंधरा पंधरा सेकंदांचे तुकडे पाडलेत, एका तुकड्यात मी बोलणार, पुढच्यात तुम्ही. समजा पुण्यातलं एक स्टेशन सीक्यू म्हणजे "आहे का कुणी" अशी हाक देतं: सीक्यू, स्वतःचा कॉलसाइन, एमके६८. हे एमके६८ म्हणजे पत्ता, पृथ्वीवर अक्षांश रेखांशाचे चौकोन पाडलेत त्यातला पुण्याचा चौकोन, कोल्हापूरचा एमके७६, नागपूरचा एमएल९१, पणजीचा एमके६५. पुढच्या पंधरा सेकंदांत टोकियोतून उत्तर येतं: पुण्याचा कॉल, आपला कॉल, पीएम९५. मग पुण्याकडून रिपोर्ट, म्हणजे खरखरीच्या तुलनेत तुझा सिग्नल किती डेसिबल येतोय, समजा वजा १२. तिकडून "मिळाला, तुझा वजा ८". इकडून "सगळं मिळालं, सेव्हन्टी थ्री". तिकडून सेव्हन्टी थ्री, म्हणजे हॅम लोकांचा रामराम. दीड मिनिटात खेळ खल्लास, लॉगमध्ये जपान.

आता त्या एका मेसेजमध्ये किती माल आहे? फक्त ७७ बिट. त्यात दोन कॉलसाइनला प्रत्येकी २८ बिट आणि चौकोनाला किंवा रिपोर्टला १५, बाकी किरकोळ. हे आकडे असेच उचललेले नाहीत. नेहमीच्या धाटणीचे जगात जेवढे कॉलसाइन बनू शकतात त्यांची संख्या निघते २६ कोटी २२ लाखांच्या जवळपास, आणि २८ बिटांत मावतात २६ कोटी ८४ लाख. म्हणजे सगळे कॉलसाइन आत बसून वर थोडी जागा उरते, त्या जागेत सीक्यूसारखे शब्द घातलेत. पृथ्वीवरचे चौकोन होतात ३२,४००, आणि १५ बिटांत मावतात ३२,७६८, उरलेल्या जागेत सिग्नल रिपोर्ट आणि सेव्हन्टी थ्री. एक बिट वाया घालवलेला नाही. मला विचाराल तर या मोडमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे.

मग या ७७ बिटांवर १४ बिट तपासणीचे, आणि त्यावर आणखी ८३ बिट चूक दुरुस्त करण्यासाठी, म्हणजे मूळ मेसेजपेक्षा दुरुस्तीचा भाग मोठा. एकूण १७४. हे बिट आठ वेगवेगळ्या सुरांमध्ये बदलून पाठवतात, एकेका सुरात तीन बिट, सोबत वेळ आणि फ्रिक्वेन्सी जुळवायला सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सात सात ठरलेले सूर, असे ७९ सूर मिळून १२.६४ सेकंद लागतात. उरलेल्या सव्वादोन सेकंदांत समोरचा कॉम्प्युटर अर्थ लावतो. दुरुस्तीचा जो कोड वापरलाय त्याची कल्पना रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती, पण तेव्हाच्या कॉम्प्युटरना तो झेपणाराच नव्हता, आज तो घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतो.

पण अर्धा मेसेज खरखरीत गेलेला असताना तो परत उभा कसा राहतो? एसटी स्टँडवर उभे राहा. भोंग्यातून येणारी अनाउन्समेंट कुणालाच धड कळत नाही, तरी आपली गाडी कुठली ते आपल्याला बरोबर कळतं, कारण तिथे येऊन येऊन कुठली नावं येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. एफटी८ मध्ये पण तसंच, मेसेजचा साचा ठरलेला आहे, त्यात काय येऊ शकतं ते ठरलेलं आहे, आणि आपल्याला कुणी उत्तर देत असेल तर आपला कॉलसाइन त्यात असणारच, हेसुद्धा सॉफ्टवेअर गृहीत धरून बघतं.

याच्यामुळे वजा २१ डेसिबलपर्यंतचा सिग्नल निघतो. ऐकायला चमत्कार वाटतो, खरखर सिग्नलच्या सव्वाशे पट! पण इथे एक खाच आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. ही खरखर मोजलेली असते २५०० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, आणि एफटी८ चा सिग्नल बसतो फक्त ५० हर्ट्झमध्ये. त्याच्या स्वतःच्या ५० हर्ट्झमध्ये बघितलं तर खरखर त्याच्या अडीच पटच असते. म्हणजे बरंचसं काम सिग्नल बारीक करण्याने झालंय आणि बाकीचं गणिताने. याच मापात चांगल्या कानाचा सीडब्ल्यू ऑपरेटर वजा १५ च्या आसपास काढतो, म्हणजे माणसाचा कान फार मागे नाही हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आवाजाचं मात्र काही खरं नाही, शंभर वॉटच्या एसएसबीला जिथे जमत नाही तिथे एक वॉटचं एफटी८ पोचतं. शिवाय एसएसबीचं एक बोलणं जेवढी जागा खातं तेवढ्यात एफटी८ ची पन्नासेक स्टेशनं शेजारी शेजारी बसतात, म्हणूनच २० मीटरच्या बँडवर सगळं जग १४.०७४ मेगाहर्ट्झ या एकाच ठिकाणी गोळा झालेलं दिसतं आणि बाकीचा बँड ओसाड वाटतो. बँड मेलेला नसतो, लोक एका कोपऱ्यात गोळा झालेले असतात.

आता हे शहरातल्या माणसासाठी काय आहे ते मुंबई पुण्याच्या हॅमला विचारा. पूर्वी खरखर म्हणजे वीज चमकणं, वातावरण. आता बिल्डिंगमधला प्रत्येक एलईडी दिवा, मोबाइल चार्जर, लिफ्टचा ड्राइव्ह, गच्चीवरचं सोलर इन्व्हर्टर, सगळं रेडिओत ओरडतं. चाळीस मीटरच्या बँडवर सिग्नल मीटरची सुई कुठलंही स्टेशन न लावताच अर्ध्यावर. टॉवर बांधायला जागा नाही, परवानगी नाही. अशा माणसासाठी पारंपरिक डीएक्स, म्हणजे लांबचं स्टेशन पकडणं, जवळजवळ बंदच झालं होतं. त्यात २०१७ ला सूर्यावरच्या डागांचं चक्र उतरणीला लागलेलं, डिसेंबर २०१९ मध्ये तळ, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचे बँड दिवसेंदिवस झोपलेले. एफटी८ नेमकं त्या वेळी आलं म्हणून ते इतकं पसरलं, दुसऱ्या कुठल्या वर्षी आलं असतं तर कदाचित एवढं डोक्यावर घेतलं गेलं नसतं असं माझं मत आहे. ५० मेगाहर्ट्झवर तर गंमतच झाली. तो बँड कधी उघडेल सांगता यायचं नाही, उघडायचा आणि कुणाला कळायच्या आत बंद व्हायचा. आता सगळे ५०.३१३ वर कॉम्प्युटर चालू ठेवून बसतात आणि पाच मिनिटांचं ओपनिंगसुद्धा हातातून सुटत नाही.

म्हणजे कौशल्य गेलं का? गेलं नाही, जागा बदलली. कानाऐवजी वॉटरफॉल वाचायचा, जिथे सिग्नल रंगीत रेषांसारखे खाली सरकतात. घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं, नाहीतर वॉटरफॉलवर सगळ्यांच्या रेषा दिसतात पण मेसेज उलगडत नाहीत आणि तुम्हालाही कुणी उत्तर देत नाही. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑडिओ लेव्हलचा. कॉम्प्युटरचा आवाज जास्त ठेवला की रिगचा (रेडिओ सेटचा) एएलसी, म्हणजे जास्तीचा आवाज दाबणारी यंत्रणा, वर जातो, सिग्नल फाटतो आणि पन्नास हर्ट्झच्या जागी शेजारच्या दहा जणांवर चिखल उडतो. नवीन लोकांना हे कुणी बसून शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. एसएसबीवर आवाज फाटला तर समोरचा लगेच सांगतो, "ओएम (म्हणजे दोस्ता), ऑडिओ बघा जरा". एफटी८ वर सांगायला जागाच नाही.

तोच मुद्दा रोबोटचा. मूळ सॉफ्टवेअर मुद्दाम असं लिहिलंय की एक संपर्क झाला की पुढच्यासाठी माणसाने क्लिक करावंच लागतं, आणि माणूस उठून गेला तर काही मिनिटांत ट्रान्समिट आपोआप बंद. पण त्यात फेरफार करून रात्रभर एकटं चालणारी सॉफ्टवेअर फिरतायत. जगातला सगळ्यात मानाचा डीएक्ससीसी अवॉर्ड, ३४० देशप्रदेशांचा, त्याच्या नियमात आता स्पष्ट आहे की प्रत्येक संपर्क दोन्ही बाजूंच्या ऑपरेटरने त्याच वेळी स्वतः सुरू केलेला असला पाहिजे. मला हे शंभर टक्के पटतं. झोपेत मिळालेला संपर्क कसला मिरवायचा.

पाइलअपचंही रूप पालटलं. निर्जन बेटावर टीम जाते आणि जगभरातले लोक एकदम तुटून पडतात, तिथे आता कोल्हा आणि शिकारी कुत्रे अशी व्यवस्था आहे, बेटावरचा फॉक्स आणि आपण सगळे हाउंड. फॉक्स एका वेळी पाच जणांना उत्तर देऊ शकतो, २०१८ च्या बेकर बेटाच्या मोहिमेत हे गाजलं, आणि २०२४ मध्ये जार्विस बेटावर सुपरफॉक्स आलं, एकदम नऊ जण, शिवाय सिग्नलमध्येच डिजिटल सही, म्हणजे कुणी भामटा त्या बेटाचा कॉलसाइन लावून फसवू शकत नाही. कार्डाची वर्षभर वाट बघायची तीही गेली, लॉग ऑनलाइन टाकला की संध्याकाळपर्यंत कन्फर्म.

आता जे गेलं त्याबद्दल. एफटी८ मध्ये मोकळा मजकूर पाठवायची सोय आहे, पण एका वेळी फक्त तेरा अक्षरं. तेरा अक्षरांत आजारी आईची चौकशी होत नाही, अँटेनाचा सल्ला मिळत नाही, मैत्री होत नाही. आणि मुख्य म्हणजे आपत्तीत ते बिनकामाचं आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजमध्ये फोन आडवे झाले, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने अंदमान तुटलं, तिथे तर योगायोगाने हॅम लोकांची मोहीम आधीच बेटावर होती, त्यांनीच मुख्य भूमीशी संपर्क धरून ठेवला. कोण सुखरूप आहे, कुठे औषध हवं, कुणाचा निरोप कुणाला, हे सगळं आवाजावर गेलं. त्यामागे काय होतं? रोज सकाळी नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या हॅम लोकांच्या बैठकीत, हजेरी लावणारी, गर्दीत शांतपणे ओळीने बोलणारी, निरोप ऐकून अचूक लिहून घेणारी माणसं. ही सवय पंधरा सेकंदांच्या चौकटीत लागत नाही. माझी खरी काळजी एवढीच आहे, जगात कुठेही पोचणारा पण दहा मिनिटं नेट चालवता न येणारा ऑपरेटर उद्या पूर आला तर काय करणार?

याला उत्तर डिजिटलमध्येसुद्धा आहे, फक्त त्याची चर्चा कमी होते. जेएस८कॉल हा एफटी८ च्याच पायावर २०१८ मध्ये तयार झालेला मोड, त्यात हवं तेवढं टाइप करता येतं, हळूहळू जातं पण जातं, आणि मधल्या स्टेशनवर निरोप ठेवून पुढे पाठवता येतो. विनलिंक या सेवेने इंटरनेट नसताना शॉर्टवेव्हवरून ईमेल जातो, औषधांची लांबलचक यादी आवाजावर तीनदा सांगण्यापेक्षा हे केव्हाही बरं. ज्याला एफटी८ चं सेटिंग जमलं त्याला हे दोन्ही एका रविवारात जमतं, तीच केबल, तोच लॅपटॉप.

आणखी एक फायदा ज्याचा विचार कुणी केला नव्हता. हजारो स्टेशनं जे ऐकतात ते पीएसके रिपोर्टर नावाच्या नकाशावर आपोआप टाकतात, त्यामुळे या क्षणी पुण्यातून कुठवर ऐकू जातंय ते काही मिनिटांत दिसतं. हौशी लोकांनी जमवलेल्या या ढिगाऱ्यातून शास्त्रज्ञ आता आयनोस्फीअरमधल्या लाटा आणि ग्रहणाचा परिणाम अभ्यासतात.

घरी बनवणाऱ्यांची परंपराही थांबलेली नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बनवायचा रेडिओ सेट आपल्याकडे कित्येकांनी बनवला, पहिल्या डिझाइनमध्ये तर कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते. त्यांच्याच एसबिटएक्समध्ये रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे आणि एफटी८ रेडिओच्या स्क्रीनवरच चालतं, वेगळा कॉम्प्युटर लागत नाही.

सुरुवात करायची असेल तर लायसन्स येईपर्यंत थांबू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, तो १४.०७४ वर यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड मोडला लावा, त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्येच डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरला द्या आणि बघत बसा, अर्ध्या मिनिटात स्क्रीन भरते. लायसन्स आलं की पॉवर वीस तीस वॉटच ठेवा, कारण बारा तेरा सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते आणि रिग तापते, आणि ऑडिओ इतका खाली आणा की एएलसी हलणारच नाही. एवढं झालं की त्याच आठवड्यात माइक हातात घ्या आणि सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर जे कुठलं नेट ऐकू येईल त्यात आपला कॉल सांगा, पहिल्या दिवशी नुसती हजेरी लागली तरी चालेल, दुसऱ्या दिवशी नेट कंट्रोल, म्हणजे ते नेट चालवणारा, नावाने हाक मारेल.